मणका ‘बसवून’ घेण्याआधी: कायरोप्रॅक्टिकबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंबर धरलेला माणूस कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटके देऊन पाठी-मानेच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्याकडे, येतो तेव्हा त्याच्या मनात दुखण्याचं चित्र आधीच पक्कं झालेलं असतं. एक मणका जागेवरून सरकलाय, तो नस दाबतोय, कुणीतरी नेमका झटका दिला की तो परत बसेल आणि दुखणं थांबेल. किती सिटिंग लागतील, आवाज आला नाही म्हणजे मणका बसला नाही का, एक्स-रेमध्ये दाखवाल का, परत सरकला तर काय, हे सगळे प्रश्न याच चित्रातून निघतात. चित्रच चुकलेलं असेल तर उत्तरंही चुकतात आणि पैसा, वेळ, कधी कधी तब्येतही हकनाक जाते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मणका खरंच सरकलेला असतो का?

बहुतेकांचा नसतो. पाठीच्या कण्यात हलणारे मणके २४: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. मानेतला सगळ्यात वरचा जोड सोडला तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला चकती (डिस्क) असते, मागे डाव्या-उजव्या अंगाला एकेक छोटा फॅसेट सांधा असतो आणि या सगळ्याला जाड अस्थिबंध व स्नायूंचे अनेक थर घट्ट धरून ठेवतात. वाकून बादली उचलली किंवा वेडंवाकडं झोपलं म्हणून हा सांगाडा जागचा हलत नाही. उसण भरते तेव्हा बहुधा सांध्याभोवतीचं आवरण, अस्थिबंध किंवा चकतीचा बाहेरचा थर दुखावलेला असतो आणि स्नायू तो भाग आवळून धरतात. त्यामुळे माणूस एका बाजूला वाकडा दिसतो. तो वाकडेपणा पाहून मणका सरकल्यासारखा वाटतो, इतकंच.

खरोखर सरकलेला मणकाही असतो. स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे आलेला असतो, एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसतो आणि किती सरकला हे मोजता येतं. पण तो हाताच्या झटक्याने मागे जात नाही. अपघातात मणका निखळला असेल तर ते काम थेट रुग्णालयाचं.

झटक्याने हाड हलतं का, हे तपासलेलंही आहे. माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे सॅक्रोइलिअक सांधे असतात, त्यांची जागा झटक्याच्या आधी आणि नंतर अतिशय सूक्ष्म मोजता येईल अशा एक्स-रे पद्धतीने १९९८ साली पाहिली गेली. हाताने केलेल्या चाचण्या झटक्यानंतर ‘सांधा जागेवर आला’ असं सांगत होत्या, प्रत्यक्षात हाडांची जागा बदललेली नव्हती. रुग्ण मोजकेच होते, तरी मोजमाप चोख होतं.

सरकलेल्या मणक्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये हार्वी लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीवर उपचार केले, त्याला ऐकू येऊ लागल्याचं सांगितलं आणि बहुतेक आजारांचं मूळ मणके सरकण्यात आहे असा सिद्धांत मांडला. ऐकण्याची नस मेंदूकडून कवटीतल्या कवटीतच कानाकडे जाते, ती मणक्यांमधून जातच नाही. ब्रिटनमधल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये स्पष्ट केलं, की सरकलेल्या मणक्याची (‘सब्लक्सेशन’ची) ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि अशा सरकण्याने रोग होतात असं म्हणायला संशोधनाचा आधार नाही. तरीही ‘सब्लक्सेशन काढून टाकतो’ अशा जाहिराती दिसतात. असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मग बरं का वाटतं? सांध्याचं आवरण आणि भोवतालचे स्नायू एकदम ताणले जातात, तिथल्या संवेदकांकडून मज्जारज्जूकडे एका क्षणात संदेशांचा लोट जातो. काही काळ वेदनेची जाणीव मंदावते, आवळलेले स्नायू ढिले पडतात आणि हालचाल मोकळी होते. हा आराम खरा असतो. तो थोड्या काळाचा असतो, हेही खरं. त्या मोकळ्या वेळात तुम्ही चालायला, वाकायला, व्यायामाला लागलात तर उपचार सत्कारणी लागतो. तसेच परत खुर्चीत जाऊन बसलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच टेबलावर याल.

तो ‘कट्’ आवाज कसला?

बोटं मोडताना येतो तोच. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायू विरघळलेले असतात. सांध्याची दोन टोकं झटकन दूर झाली की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. ती पोकळी मिटताना आवाज येतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१५ मध्ये एमआरआय यंत्रात बोटं ओढून पाहिली तेव्हा पोकळी तयार होण्याच्या क्षणीच आवाज आलेला दिसला. आवाज नेमका कोणत्या क्षणाचा यावर अजून मतं आहेत, पण हाडावर हाड आपटल्याचा किंवा मणका खटकन बसल्याचा तो नाही, यावर दुमत नाही. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटं लागतात.

आवाज आला तरच गुण येतो, असंही नाही. कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये आवाज आलेले आणि न आलेले यांच्या सुधारणेत फरक सापडलेला नाही. शिवाय ज्या सांध्यावर हात ठेवला तो न वाजता वरचा किंवा खालचा वाजतो, हे वारंवार होतं. त्यामुळे आवाज येईपर्यंत पुन्हा पुन्हा, जास्त जोराने झटके देणारा माणूस तुमच्या पाठीवर उपचार करत नसून आवाजाचा पाठलाग करतोय. दोन प्रयत्नांत सांधा वाजला नाही तर थांबावं. तिसरा झटका बहुतेकदा फक्त दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढवतो.

पहिल्या भेटीत काय काय व्हायला हवं?

बोलणं आणि तपासणी, आणि तीही घाईत नव्हे. दुखणं कधी, कशाने सुरू झालं, पडलात का, रात्री झोपेतून जाग येते का, ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी कर्करोग, बरेच दिवस स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, लघवी-शौचाच्या तक्रारी, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे. मग रक्तदाब. मग चालवून पाहणं: टाचांवर चालता न येणं म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंच्या नसा अशक्त असण्याची शक्यता, चवड्यांवर चालता न येणं म्हणजे बहुधा कण्यातून पायात उतरणारी एस-१ ही नस. पायाच्या अंगठ्याची वर उचलण्याची ताकद एल-५ नसेबद्दल सांगते. हातोडीने गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात ती मुख्यतः एल-४ साठी, घोट्याची एस-१ साठी. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलतात तेव्हा साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खालपर्यंत कळ गेली तर नसेला त्रास होतोय असं समजतात. नुसती मांडीची मागची शीर ताणली गेली तर ते सायटिका नव्हे. ही गल्लत फार होते आणि त्यातून नसत्या ‘स्लिप डिस्क’ची भीती बसते.

यानंतर तुम्हाला काय झालं असावं, काय करणार, त्याऐवजी दुसरं काय करता येईल आणि धोका काय, हे समजेल अशा भाषेत सांगून संमती घेतली पाहिजे. यातलं काहीच न करता पाच मिनिटांत कुणी तुमची मान हातात घेतली तर उठून यावं.

झटका कसा देतात, आणि तेव्हा मी काय करायचं?

कमरेसाठी नेहमीची पद्धत कुशीवरची. खालचा पाय सरळ, वरचा गुडघा वाकवलेला, वरचा खांदा मागे वळवलेला. कायरोप्रॅक्टर हळूहळू तुम्हाला त्या स्थितीत नेऊन सांध्यातली सगळी ढील काढून घेतो, म्हणजे पुढे हालचाल आपोआप अडते. मग एक-पंचमांश सेकंदाहूनही कमी वेळात एक छोटा, वेगवान धक्का. वेग इतका असतो, की स्नायूंना ताकदीने विरोध करायला सवड मिळत नाही. पाठ-कमरेवर या क्षणी साधारण ४० किलो वजनाइतका जोर पडतो, मानेवर त्याच्या चौथाईच्या आसपास. माणसागणिक यात बराच फरक पडतो.

इथे चुकतं ते बहुधा असं, की रुग्ण श्वास रोखून अंग कडक करतो आणि उपचार करणारा ते ढिलं होण्याची वाट न पाहता जोर वाढवतो. म्हणून श्वास सोडत राहा. अंग सैल सोडता येत नसेल तर तसं सांगा, ते सांगण्यात कमीपणा नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट झटक्याआधीच्या त्या ताणलेल्या स्थितीत लक्षात येते. तिथे चार-पाच सेकंद थांबायला सांगा. पायात किंवा हातात कळ उतरली, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर त्या दिशेने झटका द्यायचाच नाही. चांगला कायरोप्रॅक्टर हे स्वतःहून विचारतो. त्याने विचारलं नाही तर तुम्ही ‘थांबा’ म्हणा.

झटका नको असेल तर इतर मार्ग आहेत. सांधा लयीत, हळूहळू हलवणारं मोबिलायझेशन, ज्यात कोणत्याही क्षणी तुम्ही थांबवू शकता. टेबलाचा एक भाग दोन-तीन सेंटिमीटर खाली पडणारं ड्रॉप टेबल. स्प्रिंगवर चालणारं हातातलं छोटं उपकरण. पायात कळ असणाऱ्यांसाठी टेबलाचा खालचा भाग हलका खाली-वर करत कंबर ताणणारी फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन पद्धत. डोक्याला पट्टा बांधून मान एका हिसक्यात ओढण्याचे व्हिडिओ खूप पाहिले जातात. त्या ओढण्याने फायदा होतो असं दाखवणारा भक्कम अभ्यास नाही, आणि किती जोर कुठे लागतोय यावर ताबा ठेवता येत नाही. ते करून घेऊ नका.

कशासाठी गुण येतो?

कमरेच्या दुखण्यासाठी, मानेच्या काही दुखण्यांसाठी आणि मानेतून उगवणाऱ्या एका प्रकारच्या डोकेदुखीसाठी. यादी इथे संपते, असंच मी म्हणेन.

नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला. १०० गुणांच्या वेदनापट्टीवर सरासरी १० गुणांच्या आसपास फरक पडला, तोही सहा आठवड्यांपर्यंत. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा आढावा २०१९ चा. त्यात ९,००० हून अधिक रुग्ण होते आणि निष्कर्ष असा, की झटक्याचे उपचार व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकेच चालतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात औषधांआधी करून पाहायच्या गोष्टींत शेक, मसाज, अॅक्युपंक्चर यांच्याबरोबर याचं नाव आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये घातलेली अट मला जास्त पटते: हाताचे उपचार करा, पण व्यायामाबरोबरच, एकटे नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी हे उपचार आहेत, कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (वजनाने किंवा यंत्राने कंबर ओढणं) मात्र नकोत असं आहे.

हे आकडे नीट वाचा. हा उपचार निरुपयोगी नाही आणि जादूही नाही. नुकतीच भरलेली उसण बहुतेकांची सहा आठवड्यांत आपोआप बरीच उतरते, आणि चौथ्या आठवड्यात कमी झालेल्या दुखण्याचं श्रेय तिसऱ्या आठवड्यातल्या सिटिंगला देणं सोपं असतं.

दमा, रक्तदाब, मधुमेह, पाळीची दुखणी, रोगप्रतिकारशक्ती, लहान बाळाचं पोटात मुरडा येऊन रडणं, कानाचा जंतुसंसर्ग, यांपैकी कशासाठीही मणक्यांना झटके देण्याला चांगला पुरावा नाही. तान्ह्या बाळाच्या मणक्याला तर झटका देऊच नये. रडणाऱ्या बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

माझ्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलाय, आता?

आधी तो रिपोर्ट जरा बाजूला ठेवा. अजिबात पाठ न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली होती. चकतीची झीज विशीत ३७ टक्क्यांना, ऐंशीत ९६ टक्क्यांना. म्हणजे झीज, बल्ज, ‘गॅप कमी झालाय’ हे शब्द वयाबरोबर जवळजवळ सगळ्यांच्याच रिपोर्टमध्ये येतात. रिपोर्ट आणि तक्रार जुळली पाहिजे: एल-५ नसेवर दाब दिसतोय आणि त्याच पायाचा अंगठा अशक्त आहे, तर त्याला अर्थ आहे. दुखतंय डाव्या कमरेत आणि बल्ज उजवीकडे, तर फारसा नाही. चकतीचा बाहेर आलेला तुकडा अनेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, हेही घाबरलेल्या माणसाला सांगायला हवं.

साध्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणं नसतील तर उपचाराआधी एक्स-रेची गरज नसते. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे एक्स-रे शेजारी लावून मणका सरळ झाल्याचं दाखवतात, त्यावर विसंबू नका. उभं राहण्यात थोडा फरक पडला, हनुवटी जरा खाली गेली, तरी मानेचा बाक बदललेला दिसतो.

किती सिटिंग?

इथे लोक सर्वात जास्त फसतात. मणका सरकतो हे एकदा मान्य केलं, की तो पुन्हा पुन्हा सरकणार आणि आयुष्यभर बसवून घ्यावा लागणार, हे ओघाने येतं. मग वर्षभराचं पॅकेज आगाऊ विकलं जातं.

माझा हिशेब सरळ आहे. नवं दुखणं असेल तर आठवड्यातून दोनदा, दोन ते तीन आठवडे, म्हणजे चार ते सहा वेळा. तेवढ्यात ठळक फरक नसेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, पुन्हा तपासणी करून घ्या. जुनाट कंबरदुखीत ४०० रुग्णांवर ०, ६, १२ आणि १८ सिटिंग अशी तुलना करणारी चाचणी २०१४ मध्ये झाली. त्यात सहा आठवड्यांतली १२ सिटिंग सर्वात फायद्याची ठरली, १८ ने आणखी काही साधलं नाही, आणि १२ चा फायदाही माफकच होता. तेव्हा वरची मर्यादा १२ धरा, आणि सहाव्या सिटिंगला थांबून मोजणी करा.

मोजणी ‘बरं वाटतंय का’ यावर करू नका. उपचार सुरू होण्याआधी तुम्हाला जड जाणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा. उदाहरणार्थ, अर्धा तास बसणं, मोजे घालणं, जिना उतरणं. प्रत्येकीला ० ते १० गुण द्या. ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. दर दोन आठवड्यांनी पुन्हा गुण द्या. सरासरी दोन गुणांनीही वर सरकली नसेल तर पैसे आणि वेळ दुसरीकडे लावा.

दुखणं नसताना महिन्या-दोन महिन्यांनी जाण्याचा फायदा होतो का? स्वीडनमधल्या २०१८ च्या चाचणीत आधीच्या उपचाराने चांगला गुण आलेल्या आणि वारंवार कंबर धरणाऱ्या लोकांना असं ठरावीक अंतराने बोलावलं, तेव्हा वर्षात त्रासाचे दिवस सरासरी १३ ने कमी झाले. भेटी साधारण दोनने वाढल्या. म्हणजे काही लोकांसाठी हा सौदा वाजवी आहे. ज्याला आधीच गुण आला नाही त्याला ‘मेंटेनन्स’ सांगणं मात्र चूक आहे.

मानेला झटका सुरक्षित आहे का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात कुणी देत असेल तर त्याला विषय कळलेला नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून वर चढतात, बहुधा सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत. पहिल्या मणक्यावर त्या वळसा घालून कवटीत शिरतात. डोकं वळवण्यातली जवळजवळ निम्मी हालचाल याच वरच्या दोन मणक्यांमध्ये होते, त्यामुळे धमनी तिथे सर्वात जास्त पिळली जाते. धमनीचं आतलं अस्तर फाटलं की तिथे रक्ताची गुठळी बनू शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

मानेच्या धमन्या अशा फाटणं मुळात दुर्मीळ, वर्षाला लाखात साधारण तीन जणांमध्ये दिसणारं. गुंतागुंत अशी, की फाटलेल्या धमनीचं पहिलं लक्षणच मानदुखी किंवा डोकेदुखी असतं. कॅनडातल्या ऑन्टारिओत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पंचेचाळिशीच्या आतल्यांमध्ये या पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी दिसला, आणि तो कौटुंबिक डॉक्टरांच्या भेटीशीही दिसला. म्हणजे बऱ्याच जणांची धमनी आधीच फाटलेली असते आणि त्या दुखण्यासाठीच ते मदत शोधत येतात. पण यातून झटका निर्धोक ठरत नाही. फाटू लागलेल्या धमनीला जोराची पीळ देणं घातकच.

यावरून मी एवढंच सांगेन: साध्या आखडलेल्या मानेसाठी वरच्या मानेला वळवून दिलेला झटका घेऊ नका. हळू मोबिलायझेशन आणि व्यायाम यांनी बहुतेकांचं काम तेवढंच होतं, मग तो धोका कशाला पत्करायचा? आणि मान एका बाजूला अचानक, पूर्वी कधी न दुखल्यासारखी दुखू लागली असेल, बरोबर डोक्याच्या मागे ठणका असेल, तर कुणालाही मानेला हात लावू न देता आधी डॉक्टरांना दाखवा.

उपचारानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं किंवा गिळणं अडखळणं, चालताना तोल जाणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं, एक पापणी खाली येणं, अचानक कोसळणं, यांपैकी काहीही झालं तर कायरोप्रॅक्टरला फोन करत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि मानेला झटका दिला होता हे पहिल्या वाक्यात सांगा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘झोपून बघू’ म्हणत ते तास घालवू नका.

कुणी हा उपचार घेऊच नये?

हाडं ठिसूळ झालेली, बरेच महिने स्टेरॉइड घेणारे, मणक्याचं फ्रॅक्चर, गाठ, क्षयरोग किंवा दुसरा जंतुसंसर्ग असलेले, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, पोटातल्या महाधमनीला फुगा असलेले, यांना झटका नको. आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) आणि डाउन सिंड्रोममध्ये वरच्या दोन मणक्यांना बांधणारा अस्थिबंध ढिला असू शकतो, म्हणून त्यांच्या मानेला तर कधीच नको. हाता-पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर आधी तज्ज्ञ डॉक्टर.

एक स्थिती वेगळी काढून सांगायला हवी. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेतला आणि बसण्याच्या जागेचा भाग बधिर होणं, दोन्ही पाय अशक्त होणं: हे कॉडा इक्विना, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याचं लक्षण. त्याच दिवशी रुग्णालय. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवी-शौचाचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे विचारायला लाज वाटते आणि सांगायलाही, म्हणून ते राहून जातं. तुम्हीच सांगा.

गरोदरपणात सौम्य पद्धतीने, कुशीवर झोपवून उपचार करता येतात. शेवटच्या महिन्यांत फार वेळ सपाट पाठीवर झोपवू नये, पोटावर दाब नको, आणि आधी प्रसूतितज्ज्ञाला विचारावं.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर?

निम्म्याच्या आसपास रुग्णांना थोडं दुखणं, आखडणं, थकवा किंवा डोकं जड होणं असं काहीतरी होतं. ते २४ तासांत, फार तर दोन दिवसांत जातं. शेक घ्या, चालत राहा, पडून राहू नका. दोन दिवसांनंतरही वाढतच असेल, किंवा आधी नसलेली कळ पायात-हातात उतरू लागली, तर पुढचं सिटिंग रद्द करून तपासून घ्या. ‘दुखतंय म्हणजे मणका बसतोय’ हे उत्तर मान्य करू नका.

शिक्षण काय पाहायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्याने शिकणाऱ्यासाठी चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, किमान ४,२०० तासांचं अध्यापन आणि त्यात देखरेखीखालचं किमान १,००० तासांचं प्रत्यक्ष रुग्णकाम सांगितलंय. काही देशांत कायद्याने परवाना लागतो, कित्येक ठिकाणी कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून पदवी कुठली, किती वर्षांची, नोंदणी कुठे आहे, हे सरळ विचारा. दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र यात धरू नका. रुग्ण दुसरीकडे कधी पाठवता, हाही प्रश्न विचारा. ज्याने कधी कुणाला डॉक्टरकडे पाठवलंच नाही, त्याला धोक्याची लक्षणं दिसत नाहीत असं समजा.

घरी मी काय करायचं?

सिटिंगनंतर घरी जाताना शक्य तेवढं चाला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या, मग दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. चालण्याचा असा वाढता कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, काहीच न मिळालेल्यांपैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. यासाठी ना टेबल लागतं, ना झटका.

त्याबरोबर हाता-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ सावकाश वर गोल आणि खाली खोल करणं, आठ-दहा वेळा. मग त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करून १० सेकंद धरायचं, मग दुसरी बाजू, प्रत्येकी पाच-सहा वेळा. कंबर डुगडुगली तर पाय कमी उचला. मानेसाठी हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद, दहा वेळा. इथे नेहमीची चूक म्हणजे हनुवटी खाली घालणं. नजर समोरच राहिली पाहिजे.

आणि स्वतःची मान हाताने पिळून मोडण्याची सवय असेल तर ती सोडा. पिळताना वाजतात ते बहुधा आधीच मोकळे असलेले सांधे. आखडलेले तसेच राहतात, म्हणून तासाभरात पुन्हा मोडावंसं वाटतं. तशी ओढ लागेल तेव्हा हात खाली ठेवून मान दोन्हीकडे सावकाश, जाईल तेवढीच, पाच-पाच वेळा वळवा, खांदे मागे फिरवा आणि उठून दोन मिनिटं चालून या.